भिंतीभिंतीने

कोसाड, सुरत
२४ सप्टेंबर २०२५

वर्षा,

जवळजवळ वर्ष झालं, मी तुला एक ओळ लिहिली नाही. माफ कर. हे लिहून परत वाचलं तर ते पुरतं खरं नाही. न लिहिल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आधी तू लिहावंस म्हणून मी वर्षभर हटून बसले. माझा नंबर तू ब्लॉक केलास. आईच्या फोनवर बोलतेस, मी शेजारीच बसलेली असते हे तुला ठाऊक असतं, आणि तरी "घरात सगळे बरे ना" एवढंच विचारून ठेवतेस. म्हणून हा कागद. पलसाण्याला बसने दीड तासात पोचता येतं, पण मी आले तर तू दार उघडशील की नाही याची खात्री नाही. पत्र निदान दाराखालून आत येईल.

खाली चौकात छोट्यांचा गरबा सुरू झाला आहे. मोठ्यांच्या आधी त्यांना थोडा वेळ देतात, गेल्या वर्षीसारखाच. मी खिडकी लावून घेतली आहे. आज जिन्यात समोरच्या बेनने विचारलं, "तमारी डाही छोकरी आ वरसे नथी आवी?" डाही. म्हणजे शहाणी, गुणी, सांगितलेलं ऐकणारी. साऱ्या बिल्डिंगने तुझ्या तेजूला तेच नाव ठेवलं होतं आणि मला ते आवडायचं. मी सांगितलं, आता आईबापाकडे असते, शाळा तिकडेच आहे.

तू म्हणशील, गेल्या वर्षीचं मला काय सांगतेस, मी तिथेच होते. होतीस. पण वर्षभर तेच तेच मनात फिरवून मला आता कळेनासं झालं आहे की त्यातलं मी पाहिलेलं किती आणि नंतर जोडलेलं किती. एकदा लिहून काढते. चुकलं तर सांग.

चौकात हिरवं जाजम अंथरलं होतं. तू पलसाण्याहून तेजूला नवी चणियाचोळी घेऊन आली होतीस. पोरी दोन टाळीवर गोल फिरत होत्या आणि तेजू मीटरच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. तू तिला हाताला धरून रिंगणात नेलंस आणि हात सोडलास. जिथे सोडलीस तिथेच ती उभी राहिली, पायांकडे बघत. मागची पोरगी तिच्यावर आदळली. तेजू पडली ती काठी पडावी तशी. हात पुढे आले नाहीत, हनुवटीवर आपटली. पडताना हात टेकायचे असतात हे मुलं कधी शिकतात, कोण शिकवतं, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

तू तिला उभी केलीस, रक्त पुसलंस आणि म्हणालीस, "उडी मार, तेजू. एक उडी मारून दाखव." तिने गुडघे वाकवले, सरळ केले. पुन्हा वाकवले, सरळ केले. पाय जमिनीवरून सुटले नाहीत. मग तिने तुझ्याकडे पाहिलं, जमलं ना, अशा चेहऱ्याने. कुणीतरी हसलं.

तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. "ताई, तू माझी पोर सांभाळलीस का मांडून ठेवलीस?"

गाणं थांबवलेलं होतं, त्यामुळे साऱ्या चौकाने ऐकलं. तिचे कपडे पिशवीत भरून तू, तेजू आणि धर्मेंद्र मोटरसायकलवर निघून गेलात.  तुझ्या त्या वाक्याला उत्तर माझ्याकडे होतं. पण ते आज लिहीत नाही, खालच्या ढोलाच्या नादात हात चिडून चालेल.

डायरी अजून लिहिते रोज. पानाच्या तळाला उद्याचं एक काम लिहायची माझी खोड, तू हसायचीस तिला. आज तळाला लिहिलं आहे : वर्षाचं पत्र पेटीत टाकणे.

ताई


३० सप्टेंबर २०२५

वर्षा,

पत्र पोचलं असावं. काल आईचा फोन नेहमीपेक्षा लवकर ठेवलास, त्यावरून म्हणते.

मांडून ठेवलीस, म्हणालीस. शब्द बरोबर आहे. मांडूनच ठेवली होती. आता तू सांग, कुठे मांडायची होती?

खोली तुला पाठ आहे. दारासमोर फरशी, उजवीकडे ओटा, डावीकडे पलंग, समोर खिडकी. सकाळी आई आणि मी फरशी पुसून ठेकेदाराच्या साड्या चमकीचे खडे लावायला अंथरायचो. गोंदाचा ठिपका, त्यावर खडा, पुढचा ठिपका, पुढचा खडा. पदर झाला की काठ. गोंद वाळेपर्यंत साडी हलवायची नाही, घडी घालायची नाही, आणि वाळते आहे तोवर दुसरी तिच्या शेजारी. दुपारपर्यंत सगळी फरशी साडीखाली. भिंतीच्या कडेने एक पाऊल मावेल एवढी वाट तेवढी सोडायचो. मोरीकडे जायचं तर भिंतीला पाठ लावून, तिरकं तिरकं सरकत. आई अशीच जायची, मीही अशीच जायचे. तेजू आमचं बघून शिकली. ती आमच्यापेक्षा चांगली सरकायची, साडीला नख लागू द्यायची नाही.

"साडी म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लावायचा नाही." हे आईने शिकवलं. एकदा तेजूचा अंगठा काठाला लागला तर तिला वाकून साडीच्या पाया पडायला लावलं, ते मात्र तू. आठवतं? तू रविवारी आली होतीस, पलंगावर बसून तूही खडे लावत होतीस. तिने कान धरले आणि आपण तिघी हसलो. किती गोड करते म्हणून.

आणि साड्यांचे हे लॉट आणले कोणी? माझी ना ठेकेदाराशी ओळख, ना मार्केटशी. तुझ्या पॅकिंग खात्यातल्या सुपरवायझरच्या भावाचं काम होतं ते. तेजूला आणून सोडायच्या आधी तूच म्हणालीस, ताई, घरबसल्या काम आहे, तेजूकडे बघता येईल आणि हातही रिकामे राहणार नाहीत. तेजूकडे बघता येईल. बघता आलं, खरंच. दिवसभर समोर पलंगावरच असायची.

पलंगावर मी तिला वाचायला शिकवलं. मराठी आणि गुजराती दोन्ही, पाचाच्या आत. अक्षर माझ्याहून चांगलं. तू यायचीस तेव्हा तिला पुस्तक वाचून दाखवायला सांगायचे. तू कधी विचारलं नाहीस की ही खाली कधी उतरते. एकदा म्हणालीस, "बरं झालं बाई, एका जागी बसते. आमच्या खोलीवर असती तर बॉयलरपाशी गेली असती." ते खरंच होतं. कंपनीच्या आवारात, केमिकलच्या पिंपांमध्ये दोन वर्षांचं मूल ठेवता येत नाही म्हणूनच तुम्ही तिला आणून सोडलंत. ते मी कधी तुझ्याविरुद्ध धरलं नाही, आजही धरत नाही.

पण चौकात ओरडायची पाळी तुझी कशी आली, आणि ऐकायची माझी कशी, हे मला अजून कळलेलं नाही. तू तिची आई म्हणून? मी दोन वर्षं सासर करून माघारी आलेली, पोराबाळांविना, म्हणून?

हे लिहिताना मला बरं वाटतं आहे. फार बरं वाटतं आहे. म्हणून इथेच थांबते.

ताई


६ ऑक्टोबर २०२५

वर्षा,

आज एक वेडेपणा केला, तो तुला सांगायलाच हवा, कारण हसायला दुसरं कोणी नाही.

अमरोलीला लहान मुलांच्या एक डॉक्टर बसतात. त्यांच्याकडे गेले. सगळ्या बायांच्या मांडीवर पोरं आणि मी पर्स घेऊन. कंपाउंडरने विचारलं, "बच्चे का नाम?" मी सांगितलं, तेजल. "वजन?" म्हटलं, माहीत नाही. "तो काँटे पे खडा करो." म्हटलं, ती पलसाण्याला आहे. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली आणि तिने आपलं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं.

डॉक्टरबाईंनी आधी सरळ सांगितलं, मूल पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मी उठले नाही. म्हटलं, तिच्याबद्दल नका बोलू, एरवी काय होतं ते सांगा. बाहेर गर्दी होती, तरी बोलल्या. चालणं बहुतेक मुलांना वयानुसार येतंच, म्हणाल्या. पण धावताना वळणं, दोन्ही पायांनी उडी, एका पायावर उभं राहणं, लंगडी, चेंडू झेलणं, तोल गेला तर सावरणं, हे नुसतं वय वाढल्याने येत नाही. शरीर ते करून करून शिकतं, आणि ते करायची वर्षं दोन ते सहा-सात. त्या वर्षांत मुलाला हालायला जागा मिळाली नाही तर हे सगळं कच्चं राहतं. लॉकडाऊननंतर अशी बरीच मुलं त्यांच्याकडे आली, घरात वाढलेली, मोबाइलपुढे बसलेली. जिना उतरताना घाबरायची. बहुतेक सुधारली, पण आपोआप नाही. कुणीतरी रोज मैदानावर घेऊन जावं लागलं, पडू द्यावं लागलं. पहिल्यापासूनच पायांत ताकद नसेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याच्या तपासण्या वेगळ्या.

मी विचारलं, दोन्हींतला फरक तुम्ही कसा ओळखता? त्या म्हणाल्या, तपासून. पण तपासायच्या आधी आईला एकच विचारते : हे तिला आधी येत होतं का?

मी पर्सची चेन उघडझाक करत बसले. त्यांना वाटलं मला आठवत नाही. म्हणाल्या, आईला विचारून या.

घरी येताना शाळेच्या मैदानाशी थांबले. मधली सुट्टी होती. आमच्या मजल्यावर चार घरांत हेच खड्यांचं काम चालतं, त्यांची पोरं मी शिकवणीला येतात म्हणून ओळखते. बाकीची मुलं मैदानाच्या मधून आरडत धावत होती. ही पोरं कुंपणाच्या भिंतीने निघाली होती. एकामागून एक, हात भिंतीला लावून, नळापर्यंत. मैदान मधे मोकळं पडलेलं. त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

मी दहा वर्षं शिकवण्या घेते. या पोरांना मी रोज पाहते. बसलेली पाहते.

एक गोष्ट आणखी सांगते, ती तुला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. तेजू चार वर्षांची असल्यापासून खडे लावायची. मी सांगितलं नव्हतं, तिनेच सुरू केलं, पलंगाच्या कडेवरून वाकून. पण मी थांबवलंही नाही. तिची बोटं माझ्याहून चपळ होती. बारीक खडा चिमटीत धरून नेमका ठिपक्यावर. ज्या पोरीची बोटं अशी चालतात तिच्या पायांत जन्मापासून काही कमी असेल? मला डॉक्टरी कळत नाही. पण मला नाही वाटत.

तिला मैदानावर नेतेस का गं? की तुझ्या सासूबाई मालतीबाई म्हणतात, पडेल म्हणून बसव? त्या आजी आहेत, त्यांचाही जीव घाबरत असेल. तरी विचारते.

ताई


११ ऑक्टोबर २०२५

वर्षा,

माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर आज आलं. आपले जावईबापू, धर्मेंद्र, स्वतः घेऊन आले. मिठाईचा डबा आणि निरोप.

तू पाठवलेला निरोप तुलाच परत लिहून पाठवणं विचित्र आहे. पण ते सांगताना काही तुझं बोलले असतील आणि काही स्वतःचं, म्हणून मी काय ऐकलं ते लिहिते.

ते पलंगाच्या कडेवर बसले, कारण खाली साड्या होत्या. म्हणाले, शाळेत तेजूला जिना जमत नाही, ती बसून बसून एकेक पायरी उतरते, पोरं तिला डोसी म्हणतात. म्हातारी. बाईंनी पीटीच्या तासाला वर्गात बसवायला सुरुवात केली आहे. मालतीबाईंचं म्हणणं, पोर जन्माचीच अधू आहे, त्यांच्या माहेरी अशी एक होती. सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हिला आधी धावता-बिवता येत होतं का? तू म्हणालीस, ती वर्षं माझ्या बहिणीकडे होती, बहिणीला माहीत. त्यांनी मंगळवारी बहिणीला घेऊन यायला सांगितलं.

तर मी मंगळवारी यायचं आणि सांगायचं की मुलगी माझ्याकडे आली तेव्हाच अशी होती. उशिरा चालली, कधी धावली नाही. मग अपंगत्वाचा दाखला मिळतो आणि शाळेत तिला कोणी काही करायला लावत नाही.

"ताई, मग कोणाचाच दोष निघत नाही ना," धर्मेंद्र म्हणाले. "तुमच्यावर येत नाही, वर्षावर येत नाही. देवानं दिलं तसं. तुम्ही शिकेल बाई, डॉक्टर तुमचं ऐकेल."

मी विचारलं, "आणि तेजूचं?"

"तेजूचं काय? तिला कोणी पळायला नाही सांगणार. बसून राहील निवांत. अभ्यासात हुशारच आहे."

मग त्यांनी सांगितलं की तू माझा नंबर खुला केला आहेस, आणि दिवाळीत तेजूला चार दिवस इकडे पाठवणार आहेस. ते गेल्यावर तुझ्या नंबरवरून फोटो आला. वर्षभराने पहिला. तेजू खाटेवर मांडी घालून बसली आहे, मांडीवर पुस्तक. समोरचे दात पडलेत तिचे. खाली तू काही लिहिलं नव्हतंस. मी तो इतक्या वेळा उघडला की आई म्हणाली, फोन घसी जाई.

आईला मी सगळं सांगितलं. ती साडी वाळली का ते बोटाने बघत होती. म्हणाली, "सांगी दे ना, माय. तुनं काय जास? पोर दिवाळीले घर यी."

माझं काय जातं, याच्यावर मी विचार करते आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर काहीच जात नाही. उलट सगळं परत मिळतं. तू, तेजू, चौकातली इज्जत. समोरच्या बेनला सांगता येईल, बिचारी जन्मापासूनच तशी. ती चुकचुकेल. मीही चुकचुकेन.

हो म्हणावंसं वाटतं आहे. हे तुझ्यापासून लपवत नाही.

ताई


१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

वर्षा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या दवाखान्याच्या दारात तुझ्या हातात देईन. आत जायच्या आधी वाच. मी आत काय बोलणार ते तुला माझ्या तोंडून पहिल्यांदा डॉक्टरांसमोर ऐकावं लागू नये. चौकात तू मला तेवढी सवड दिली नव्हतीस. हा टोमणा मी खोडणार होते, राहू दे.

कालचा लॉट ठेकेदाराकडून उचलला नाही. आई विचारत होती, बरं नाही का तुला? फरशी दोन दिवस मोकळी आहे. आणि वर्षा, आई मोरीकडे भिंतीला पाठ लावूनच जाते. मी पण. सकाळी दूध तापवायला उठले आणि अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की मी तिरकी चालते आहे, खाली काही नसताना. मग मी मुद्दाम खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्रेचाळीस वर्षांची बाई, आपल्याच घरात, आणि मी पायाखाली साडी शोधत होते.

तेव्हा मला ते आठवलं जे तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही. चुकलं तर सांग म्हणाले आणि मीच अर्धं ठेवलं.

तू तिला रिंगणात नेलंस त्याच्या आधी ती भिंतीपाशी माझ्याजवळ उभी होती. समोर पसरलेल्या हिरव्या जाजमाकडे बघत होती. त्यावर पोरी नाचत होत्या, धपाधप पाय आपटत. तिने माझा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "मावशी, वाळली का?"

मला कळलं तिला काय विचारायचं होतं. बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मी खाली वाकून एवढंच म्हणायचं होतं, हो गं, वाळली, जा. मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं का ते. तेवढ्यात तू आलीस आणि तिला घेऊन गेलीस. रिंगणात ती घाबरून थिजली नव्हती, वर्षा. ती आपली साडी जपत होती.

आता दुसरं. हे तुलाही माहीत आहे.

तुम्ही तिला आणून सोडलंत तो पहिला दिवस. धर्मेंद्र खाली गाडी लावत होते. तू दारात चप्पल काढत होतीस, तिला कडेवरून खाली ठेवलंस आणि ती सुटली. फरशीवर तीन ओल्या साड्या होत्या. त्यांच्यावरून ती सरळ खिडकीपर्यंत धावली, खिडकीत कबुतर होतं. तिथे दोन्ही पायांनी उड्या मारल्या, कबुतर उडालं तशी गर्रकन वळली आणि धावतच परत आली. आई ओरडली, मी ओरडले, तू हसत होतीस. तिच्या तळव्यांना खडे चिकटले होते. तू तिला मांडीवर आडवी धरलीस आणि मी केसांच्या आकड्याने एकेक खडा काढला. तिला गुदगुल्या होत होत्या. तिन्ही साड्या वाया गेल्या. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरू नये म्हणून आपण पलंगाला उशा लावल्या.

आपण. मी ही ओळ तीनदा लिहिली. आधी "तू" होतं, मग "मी".

आईला विचारलं, आठवतं का? ती म्हणाली, "माले काही याद नही." तिला कालच्या भाजीत मीठ किती होतं ते याद असतं.

मी स्वतःला विचारलं आहे, की मला खरं सांगायचं आहे की तुला हरवायचं आहे. दोन्ही आहे बहुतेक. चौकातल्या त्या वाक्याचं उत्तर द्यायची मला वर्षभर भूक आहे आणि उद्या मला ते द्यायला मिळणार, डॉक्टरांसमोर, लेखी. हे मला दिसतं आहे. पण माझी भूक वाईट म्हणून तेजूचं धावणं खोटं होत नाही. कदाचित तिच्यात काही दोष निघेलही, तपासण्यांत निघेल, मी कोण सांगणार. पण ती कधी धावलीच नाही असं मी म्हटलं, तर डॉक्टर चुकीच्या ठिकाणी शोधतील, आणि शोधून झालं की तिला कायमची बसवतील. आपण पलंगावर बसवली, ते दाखला देऊन बसवतील. सगळे तिच्याशी प्रेमाने वागतील. तू, मी, शाळेतल्या बाई. डाही छोकरी.

तिला मैदान लागेल. पडावं लागेल, आणि या वयात पोरं हसतील ते ऐकावं लागेल. कोणीतरी रोज सोबत जावं लागेल. मी जायला तयार आहे, बस आहे. तू येऊ देणार नाहीस हेही मला माहीत आहे. उद्यानंतर तू माझा नंबर पुन्हा बंद करशील, आणि मालतीबाई म्हणतील, बघ, मोठी बहीण, स्वतःचं नाही म्हणून दुसऱ्याचं बिघडवते. दिवाळीत कोणी येणार नाही. आईला मी ते सांगितलेलं नाही. ती करंज्यांचा रवा चाळून बसली आहे.

तुझ्यावर माझा राग आहे, तो या पत्राने संपला नाही. तू उद्या तिथे काही बोलली नाहीस तरी चालेल. फक्त मी बोलेन तेव्हा दाराकडे बघू नकोस. त्या पहिल्या दिवशी तू दारात होतीस.

डायरीचं पान इथेच लिहून टाकते, आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

उद्याचं काम : डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगणे, की मूल माझ्या घरी धावत आलं होतं.